बावीसच्या आधी एकवीस

आमच्या लग्नाआधी पाळकसाहेबांनी आम्हा दोघांना एकदाच बोलावलं होतं. 1993 चा एप्रिल, धुळ्याचं ऊन, बंगल्याच्या ओसरीवर घरघरणारा टेबलफॅन. चाळीस मिनिटं बसलो. त्यातली वीस पत्रिकेवर कोणतं वचन छापायचं यात गेली, दहा बाप्तिस्म्याचे दाखले आणि दोन्हीकडच्या मंडळ्यांची (म्हणजे चर्चांची) पत्रं तपासण्यात. तीन रविवार उपासनेत आमची नावं वाचली जाणार, कुणाची हरकत असेल तर त्यांनी कळवावं, हे समजावून झालं. उरलेल्या दहा मिनिटांत इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय, ओवी बाविसावी: स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. मग प्रार्थना, मग सरबत. झालं आमचं विवाहपूर्व मार्गदर्शन.

पाळकसाहेब वाईट नव्हते. त्यांच्याकडे सात गावं होती आणि एक लूना.

माझे वडील मंडळीचे वडील, म्हणजे पंचांपैकी एक. (आमच्यात ‘वडील’ हे पदही असतं, त्यामुळे माझ्या बालपणी बराच घोटाळा झाला.) आमच्या घरी भांडणं होत नाहीत असं मला लग्न होईपर्यंत वाटायचं. होत असणारच, पण त्यांना दार होतं. दार लागायचं आणि उघडायचं तेव्हा आई पदराने चेहरा पुसत चहा टाकायला गेलेली असायची. मधलं काय, ते आम्ही कधी पाहिलंच नाही. म्हणजे मी भुसावळला आले ती नवरा-बायको भांडतात कसं आणि त्यातून बाहेर येतात कसं, याचं शून्य ज्ञान घेऊन.

हे तेव्हा मालगाडीवर असिस्टंट ड्रायव्हर होते. मालगाडीला बायकोइतकंही वेळापत्रक नसतं. कॉल बॉय सायकलवर यायचा, दार वाजवायचा, वही पुढे करायचा. सही केली की दोन तासांत लॉबीत, म्हणजे ड्यूटीची हजेरी लागते तिथे, हजर. रात्री दोनला, दुपारी बाराला, रविवारी ऐन प्रभुभोजनाच्या आधी. कधी बडनेरा, कधी खंडवा, कधी मनमाड. तिकडे रनिंग रूममध्ये झोपायचं, मिळेल ती गाडी घेऊन परत यायचं. आले की झोप. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत एक माणूस दिवसा झोपलेला असला की दुसऱ्याने जगायचं कसं, हे कुठल्याच ओवीत लिहिलेलं नाही. भांडी घासायची नाहीत, रेडिओ नाही, शेजारणीशी दारात बोलायचं नाही.

एक दिवस मी कुकर लावला. तीन वाजून गेले होते, मला भूक लागली होती आणि मला राग आला होता. खरं सांगते, मुद्दाम लावला. दुसऱ्या शिट्टीला हे उठले. काही बोलले नाहीत, नुसते भिंतीकडे बघत बसले. तेवढ्यात कॉल बॉय आला. यांनी सही केली, अंघोळ केली, कपडे केले आणि मी भरलेला डबा ओट्यावर तसाच ठेवून निघून गेले.

लग्नाला चौदा महिने झाले होते. मी तो डबा हातात घेऊन क्वार्टरच्या मागच्या दारात उभी होते. मागच्या ओळीत जिभाऊ राहायचे. जिभाऊ गार्ड होते (आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, 2022 पासून, जिभाऊंना हे कळलं असतं तर पोट धरून हसले असते). त्यांचा लाइन बॉक्स, म्हणजे ड्यूटीच्या सामानाची पेटी, न्यायला पोऱ्या आला होता. म्हणजे त्यांनाही कॉल होता. त्यांची बायको, आक्का, अंगणात होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “कसाले रडी ऱ्हायनी वं?” मी रडते आहे हे मला तेव्हा कळलं.

जिभाऊंनी काही विचारलं नाही. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डबा उचलून आपल्या पिशवीत टाकला. लॉबीत यांच्या हातात देताना म्हणाले म्हणे, “डबा इसरी गया तू.” विसरलास. बस्स. त्यानंतर हे इंजिनात आणि जिभाऊ सहाशे-सातशे मीटर मागे, शेवटच्या डब्यात. रात्रभर दोघांमध्ये कोळशाच्या वाघिणी. उपदेश करायची सोयच नव्हती. मला वाटतं आमचा संसार त्या सोयीच्या अभावावर टिकला.

परत आल्यावर जिभाऊंनी दोघांना जेवायला बोलावलं. तिथून सुरू झालं. दोघांचीही ड्यूटी नसेल तो रविवार, म्हणजे महिन्यातून एखादा, संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे. त्याला नाव नव्हतं. आज ज्याला मेंटॉरिंग म्हणतात ते हेच, पण आक्कांना कुणी तसं म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं की ते कुठल्या डेपोत मिळतं.

त्यातला एक रविवार सांगते. डिसेंबर असावा, कारण भरीत होतं. बामणोदची वांगी, पांढरट हिरवी, हाताएवढी. आक्का अंगणात कापसाच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजत होत्या आणि जिभाऊंशी भांडत होत्या. आमच्यासमोर. जिभाऊंनी साक्रीकडच्या पुतण्याला पाच हजार दिले होते, कापूस बुडाला म्हणून. दिले याचं आक्कांना काही नव्हतं. न विचारता दिले, आणि आक्कांना ते बाजारात तिसऱ्याच बाईकडून कळलं. त्या वांगं उलटं करायच्या, एक वाक्य बोलायच्या. जिभाऊ म्हणायचे, “माझाच पुतण्या ना?” पुढचं वांगं उलटं. “आणि मी कोण?” मी आणि हे चटईवर, कुठे बघावं कळेना. हे उठायला लागले तर आक्का म्हणाल्या, “बसा. जेवून जा. भांडण आमचं आहे, भरीत सगळ्यांचं आहे.”

मग जिभाऊ उठले. परातीत काढलेली वांगी सोलायला बसले. चटके बसत होते, पाण्यात बोटं बुडवत होते, काळं साल ओढत होते. तीन वांगी सोलून झाल्यावर, मान खाली घालूनच म्हणाले, “मन्हं चुकनं.” मला वाटलं, आता आक्का हसतील आणि संपेल. नाही संपलं. आक्का म्हणाल्या, “आज ऱ्हाऊ दे, सकाय बोलसूत.” उद्या बोलू. आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालून वांगी ठेचायला घेतली. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर नेहमीसारखी प्रार्थना झाली, आणि जिभाऊंनी प्रार्थनेत तो विषयच काढला नाही. याचं मला फार बरं वाटलं. नाहीतर आमच्यात एक वाईट खोड आहे, समोरच्या माणसाला जे सांगायचं ते देवाला मोठ्याने सांगायचं.

घरी परतताना यार्डाच्या पुलावर हे म्हणाले, “तो कुकर तू मुद्दाम लावला होतास ना?” दीड वर्षाने. मी हो म्हटलं.

त्या अंगणात आक्कांनी मला पवित्र शास्त्रातलं एकच वचन शिकवलं असेल. मी कधीतरी अधीन असण्याबद्दल कुरकुरत होते. त्या म्हणाल्या, “पाळक बावीसपासून वाचतो. तू एकवीसपासून वाच.” घरी येऊन बघितलं. एकविसाव्या ओवीत, नवरा-बायकोचा विषय निघण्याआधीच, सगळ्यांनाच सांगितलंय की एकमेकांच्या अधीन असा. मी पाळकाच्या पुढच्या बाकावर वाढलेली मुलगी, आणि हे मला चौथी शिकलेल्या बाईने दाखवलं. त्यानंतर मी जितकी लग्नं बघितली, त्या प्रत्येकात कान देऊन ऐकते. अजूनही बहुतेक जण बावीसपासूनच सुरू करतात.

शास्त्रात अशा जोडप्याचं उदाहरण शोधायचं तर अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला आहेत. रोममधून हाकललेले, करिंथात येऊन तंबू करणारे. प्रेषित पौल त्यांच्याकडे राहिला तो धंदा एकच होता म्हणून. पुढे इफिसात अपुल्लो नावाचा मोठा वक्ता आला, त्याचं काहीतरी अर्धवट होतं, तर या दोघांनी त्याला भर सभेत न टोकता आपल्याकडे नेलं आणि नीट समजावलं. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या अठराव्या अध्यायात हे दोन ओळींत उरकलंय. मला नेहमी वाटतं, त्या दिवशी जेवायला काय होतं ते लिहायला हवं होतं. पण एक गोष्ट ध्यानात येते: कधी तिचं नाव आधी, कधी त्याचं, पण एकट्याचं कुणाचंच येत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल लिहायचं टाळत होते ती.

त्याच वर्षांत आमच्या ओळखीच्या एका मंडळीत एक बाई पंचांसमोर आली. नवरा मारत होता. पाठ दाखवायची तिची तयारी होती, पण पाच पुरुषांसमोर कशी दाखवणार? मी तिथे चहा द्यायला होते. पंचांनी दोघांना समजावलं. दोघांना, हे लक्षात घ्या. त्याला म्हणाले राग आवर, तिला म्हणाले तोंड आवर. मग उभं राहून प्रार्थना, आणि तिला त्याच्याच सायकलवर मागे बसवून पाठवलं. मी कपबश्या गोळा केल्या. तिला पायरीवर गाठून एक शब्द बोलता आला असता.

तेव्हा कायदाही तिच्या बाजूने फारसा नव्हता. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा 1869 चा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोने मात्र सहसा व्यभिचार आणि त्यावर क्रूरपणा किंवा टाकून देणं, असं दुहेरी सिद्ध करायचं. नुसत्या मारहाणीवर वेगळं राहण्याचा हुकूम मिळायचा, सुटका नाही. कायदा बदलला 2001 साली, तेव्हाच संमतीने वेगळं होण्याची तरतूदही आली. 2005 मध्ये घरगुती हिंसाचाराचा कायदा आला. आक्कांनी मात्र या सगळ्याच्या आधीच स्वतःचा नियम केलेला होता. त्या बाईचं ऐकल्यावर म्हणाल्या, “हात उचलला की आपलं काम संपलं. मग पोलीस, मग वकील. भाकरी वाढून ते मिटत नाही.” नंतर त्यांनी तिला स्वतःच्या माहेरी महिनाभर ठेवून घेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आक्कांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं नाही यातच सगळं आलं, कारण आमच्या मंडळीत गुपित फुटायची एक ठरलेली वाट आहे. तिला ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणतात. “अमुक ताईंसाठी प्रार्थना करा, घरात जरा शांती नाही.” एवढं गुरुवारच्या बहिणींच्या सभेत म्हटलं की शुक्रवारी अर्ध्या भुसावळला कळतं की अमुक ताईंच्या घरात काय नाही.

जिभाऊ गेले. आक्का मुलीकडे नाशिकला गेल्या. आम्ही क्वार्टर सोडून छोटं घर बांधलं, हे 2023 मध्ये लोको पायलट म्हणून निवृत्त झाले. शेवटच्या वर्षांत कॉल मोबाइलवर यायचा. मला त्या वहीची आठवण यायची. वही घेऊन आलेल्या माणसासमोर निदान चेहरा नीट करावा लागायचा.

दोन वर्षांपूर्वी नवे पाळक आले. तरुण, हुशार, लॅपटॉपवाले. कुठल्याशा शिबिराहून परतल्यावर त्यांनी जाहीर केलं, नव्या जोडप्यांना जुनी जोडपी वाटून द्यायची. त्यांनी पडद्यावर माहितीही दाखवली. कॅथलिक लोकांत फादर गॅब्रिएल काल्व्हो यांनी 1962 साली बार्सिलोनात 28 जोडप्यांना शनिवार-रविवार एकत्र बसवलं, तिथून मॅरेज एन्काउंटर जगभर गेलं. लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चात निकी आणि सिला ली यांनी 1996 मध्ये विवाहितांचा कोर्स सुरू केला. तिथे प्रत्येक जोडप्याला वेगळं टेबल, जेवण, आणि शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मागे संगीत. चारचौघांत काही सांगायची सक्ती नाही. ही संगीताची गोष्ट मला मनापासून पटली. आमच्या हॉलला संगीताची गरजही नाही, दर दहा मिनिटांनी बाजूने मालगाडी जाते.

पण मग फॉर्म आले. सहा बैठका, प्रत्येकीला विषय, शेवटी ‘बैठकीचा निष्कर्ष’ असा रकाना. पहिला प्रश्न: तुमच्यात मतभेद झाल्यास तुम्ही काय करता? आमच्या वाट्याला आलेल्या दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचं न बघता, एकच उत्तर लिहिलं: प्रार्थना करतो. पाळकसाहेबांना ते एकमत फार आवडलं. मला त्या पोरीच्या पेनाचा दाब दिसत होता, कागद फाटायचा राहिला होता.

ती नवापूरकडची. घरची बोली मावची, जळगावात एका दवाखान्यात नर्स, रात्रपाळी. पोरगा भुसावळचा, जळगावला डाळ मिलच्या ऑफिसात हिशेब बघतो, दिवसपाळी. एक येतो तेव्हा दुसरी निघते. मला तर बघूनच कुकरची शिट्टी ऐकू आली. वरून देजाचं प्रकरण. त्यांच्याकडे आदिवासी रिवाजात देज मुलाकडचे देतात, मुलीच्या बापाचा मान म्हणून. हिच्या बापाने लग्नात थोडकं देज मागितलं, तर पोराची आई म्हणाली, आम्ही ख्रिस्ती, आमच्यात असलं काही बसत नाही. शब्द लागला. मुलीकडून फ्रीज आणि पलंग आला तेव्हा मात्र कुणाला काय बसतं ते आठवलं नाही.

हे सगळं पहिल्या बैठकीत थोडंच कळलं? पहिल्या बैठकीत दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून बिस्किटं खात होते. आणि खरी अडचण वेगळी होती. आम्ही दोघं, म्हणजे मार्गदर्शक जोडपं, दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो. यांनी वरणगाव रोडला एका प्लॉटचा पन्नास हजार इसार देऊन टाकला होता, मला न विचारता. मला कळलं ते दलालाच्या फोनवरून.

फॉर्म माझ्या मांडीवर होता. मी प्रश्न वाचायला लागले आणि घशाला कोरड पडली. जिभाऊंची परात डोळ्यासमोर आली. मग मी त्या पोरांना म्हटलं, “हे बघा, आमचं दोघांचं परवापासून वाजलंय, अजून मिटलेलं नाही. तुम्हाला चालत असेल तर आपण जेवून घेऊ.” हे माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षांत यांचा चेहरा इतका उघडा मी क्वचित पाहिला असेल. मग पोराकडे वळून म्हणाले, “मी न विचारता पैसे दिले. ती चिडली.” आणि लगेच, “पण प्लॉट चांगला आहे.” माझ्या तोंडून निघून गेलं, “प्लॉट कुणी बघितलाय?” आणि झालं की सुरू, त्यांच्यासमोर. शेवभाजी गार झाली.

पोरगी हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तू पण तसंच करतोस. पण चांगलंच आहे म्हणतोस.” त्या वाक्यानंतर खरी बैठक झाली असेल तर झाली. निघताना मी दोनच गोष्टी सांगितल्या. इथलं बोलणं कुणाच्याही प्रार्थनेत जाणार नाही. आणि याने कधी हात उचलला तर आधी 112, मग मी. पोरगा दुखावला. दुखावू दे, मी तेव्हा कपबश्या गोळा केल्या होत्या.

फॉर्मवर निष्कर्षाच्या रकान्यात यांनी इंजिनच्या लॉगबुकात लिहावं तशा अक्षरात लिहिलं: काम चालू. पाळकसाहेबांचा फोन आला, “काम चालू म्हणजे काय?” हे म्हणाले, “म्हणजे शेडमध्ये आहे. बाहेर काढायला वेळ लागेल.”

सहा बैठका काही झाल्या नाहीत. तीन झाल्या. देजाचं अजून तसंच आहे. पोराची आई नवापूरला गेलेली नाही, मुलीचा बाप इकडे आलेला नाही. पण पोरगं आता तिच्या रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरी असेल तर चप्पल हातात घेऊन आत जातं, असं तिनेच सांगितलं. हे आम्ही शिकवलेलं नाही.

यंदा मेमध्ये ती एकटी आली, सकाळी सहाला, रात्रपाळीवरून थेट. मी आदल्या दिवशी बोलले होते की बिबडे (ज्वारीचे पापड) घालायचेत. भिजवून भरडलेली ज्वारी मी पहाटेच शिजवायला घेतली होती, लसूण, जिरं, तीळ, तिखट घालून. घाटा चटके देतो तोवरच थापावा लागतो, आणि आठच्या आत गच्चीवरून उतरावं लागतं, नाहीतर भुसावळचं ऊन माणसालाच वाळवतं. आम्ही जुनं धोतर ओलं करून पसरलं. ती तिकडच्या टोकाला, मी इकडे. बोटं पाण्यात बुडवायची, गोळा ठेवायचा, गोल फिरवत पातळ करायचा. तिचे पहिले चार नकाशासारखे झाले. नंतर हात बसला. खाली हे बागेला पाणी घालत होते, पाइपचा आवाज वर येत होता.

ती थापता थापता म्हणाली, “काकू, तुमचं ते प्लॉटचं मिटलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “ते टोक जरा ओढ, घडी पडतेय.”